तरीकडच्या गुत्त्याची गोष्ट

प्रश्न असा होता: "इंग्लंडात म्हणे गल्लीतल्या साध्या पबलाही शे-दोनशे वर्षांचा इतिहास असतो. आपल्या कोकणात गावाचं असं बसायचं ठिकाण कधी होतं का? एखाद्याचा इतिहास कोणाला माहीत आहे का?"

होतं, आणि अजून आहे. त्याला पब मात्र कोणी म्हणत नाही. माझे आजोबा त्याला माडीचं दुकान म्हणत. माडी म्हणजे नारळाच्या झाडाचा आंबलेला रस. वडील 'हॉटेल' म्हणत, निदान आईसमोर तरी. गावात गुत्तो म्हणतात आणि पाटीवर 'परमिट रूम' लिहिलंय. चारही नावं एकाच जागेची. ती का बदलत गेली ते सांगितलं की इतिहास सांगून झाला.

जागा तेरेखोल खाडीच्या अलीकडच्या काठावर, आमच्या गावात. गावाचं नाव लिहीत नाही. हल्लीचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांना ते आवडायचं नाही, आणि ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. खाडीपलीकडे गोवा. पूर्वी पलीकडे जायला होडी होती. ती लागायची त्या जागेला आम्ही 'तर' म्हणतो. राज्यमार्गावरून तरीकडे रस्ता फुटतो त्या तिठ्यावर हे दुकान आहे.

आधी 'गुत्ता' या शब्दाचं सांगतो, कारण त्याच्यावर उगाच डाग बसलाय. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, ठेका. मराठवाड्यात आजही रस्त्याच्या कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात आणि त्याला त्यात काही वाईट वाटत नाही. दारू विकायचा हक्क सरकार मक्त्याने द्यायचं. तो घेतला तो गुत्तेदार, आणि तो विकायला बसला ते दुकान म्हणजे गुत्ता. शब्द पिणाऱ्यांच्या तोंडून आलेला नाही, महसुलाच्या वहीतून आलेला आहे.

पण वही नंतरची. त्याआधी माडी. अण्णांचे पणजोबा भंडारी, माडावर चढणारे. नारळाची पोय, म्हणजे फुलोरा, उमलायच्या आत दोरीने आवळून बांधायची, टोक कापायचं, खाली मडकं अडकवायचं आणि मग रोज चढून धारदार कोयत्याने पातळ चकती काढत राहायचं. रस थेंब थेंब गळतो. सूर्य उगवायच्या आत उतरवला तर गोड. उन्हं वर आली की फेस धरतो, संध्याकाळी डोक्यात जातो, आणि एक-दोन दिवसांत त्याचा शिरका होतो. म्हणजे ही वस्तू ठेवता येत नाही, लांब नेता येत नाही. निघाली तिथेच आणि त्याच दिवशी संपवायची. म्हणून दुकान माडांच्या बुडाशी, चुडतांच्या म्हणजे झावळ्यांच्या मांडवाखाली, आणि प्यायला करटी, म्हणजे करवंटी. आमच्याकडे बसून पिण्याची जागा तयार झाली ती मला वाटतं यामुळेच. मैत्री, गप्पा वगैरे नंतर आलं. आधी कारण एवढंच की माडी घरी न्यायच्या लायकीची नव्हती.

तेव्हा या कोपऱ्यात तीन सरकारं नांदत होती. वेंगुर्ल्याकडे इंग्रज, आमच्या अंगाला सावंतवाडी संस्थान आणि खाडीपलीकडे पोर्तुगीज. इंग्रजांनी १८७८ मध्ये मुंबई इलाख्यासाठी अबकारी कायदा केला. दारू गाळणं आणि विकणं परवान्याखाली आलं, माडी काढायच्या प्रत्येक झाडावर कर बसला. त्याच वर्षी त्यांनी पोर्तुगिजांशी तह करून गोव्यातलं मीठ आणि अबकारीही आपल्या पद्धतीला जुंपली. तो तह १८९२ मध्ये मोडला. कराचं दुखणं कुठे होतं ते माडाखाली राहिलेल्यालाच कळेल. ज्या पोयीची माडी काढली तिला नारळ लागत नाही. म्हणजे नारळ आधीच सोडलेला, वर सरकारला झाडामागे पैसे, आणि पडून हातपाय मोडला तर तो आपला. पुष्कळ भंडाऱ्यांनी त्या काळात कोयता खाली ठेवला आणि मुंबईची वाट धरली. अण्णांच्या पणजोबांनी ठेवला नाही. हट्टी होते असं अण्णा सांगतात. मला वाटतं, बोटीच्या तिकिटाला पैसे नसतील.

मग दारूबंदी. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, १९४९ मध्ये मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आला, आणि १९५० पासून सगळ्या राज्यात पूर्ण बंदी. जुनी माणसं त्याला मोरारजींचा कायदा म्हणत. दारूबरोबर माडीही गेली. भंडाऱ्यांनी नीरा काढावी असं ठरलं. नीरा म्हणजे तोच रस, पण आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावून काढलेला. आमच्या आजोबांचं मत होतं की नीरा हे आजाऱ्याचं पेय आहे आणि आजाऱ्यालाही ते आवडत नाही.

दुकानाचं चहाचं हॉटेल झालं. पुढे चहा, भजी, उसळ. मागे परड्यात मांगर, म्हणजे गोठ्यासारखी खोपी. तुम्ही पुढच्या बाकावर बसून चहा मागितलात तर चहा यायचा. बसलात आणि काहीच मागितलं नाहीत तर थोड्या वेळाने पोरगा येऊन म्हणायचा, "आजोबा मागे बोलावतत." आजोबा नावाचं तिथे कोणी नव्हतं.

मांगरात काय होतं, तर पलीकडचं. हे आमच्या गावाचं वैशिष्ट्य. बाकी महाराष्ट्रात दारूबंदी म्हणजे गूळ, नवसागर आणि अंधारात लावलेली भट्टी. आमच्याकडे खाडी ओलांडली की दुसरा देश, आणि त्या देशात दारू उघड. काजूची फेणी, माडाची फेणी, शिवाय पोर्तुगालहून आलेल्या बाटल्या. होडीच्या तळाशी, माशांच्या टोपलीखाली, मोटारीच्या चाकाच्या ट्यूबमध्ये भरून माल यायचा. ट्यूबमधली फेणी रबराच्या वासाची असायची, आणि आजोबांच्या पिढीला तो वास इतका अंगवळणी पडला होता की पुढे बाटलीतली चांगली फेणी मिळाली तेव्हा "ह्येका वास नाय" म्हणून तक्रार झाली.

हे खेळणं नव्हतं. १९५५ पासून भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी कडक केली, पलीकडे पोर्तुगीज शिपाई गोळी घालायला कमी करत नसत, अलीकडे आपले पोलीस. त्याआधी १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा चढवला. आजोबा म्हणत, त्या दिवसांत हॉटेलात निम्मी माणसं सत्याग्रहाची आणि निम्मी बाटल्यांची असत, आणि अंधारात खाडीचा तळ ओळखणारा होडीवाला दोघांना एकच. त्याने दोघांकडून सारखेच पैसे घेतले का, हे मी विचारलं होतं. आजोबा हसले.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. देश एक झाला, पण दारूचा कायदा दोनच राहिला. पोर्तुगीज गेले तरी नाका गेला नाही, फक्त नाक्यावरचा गणवेश बदलला. आजही जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रात आठवड्याला एक तरी बातमी असते: 'गोवा बनावटीची दारू जप्त'. इन्सुली, बांदा, आरोंदा, दोडामार्ग ही नावं बाहेरच्या माणसाला त्या बातम्यांमुळेच माहीत असतात.

पुढचा बदल मला सगळ्यात मोठा वाटतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल होत गेली. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि तिठ्यावरच्या हॉटेलाला पुन्हा कायदेशीर दार मिळालं. पण दारातून आत आलं ते काय? देशी म्हणजे उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काची बाटली, घाटावरून ट्रकने आलेली. आमच्या गावात ऊस होत नाही. माड होतो, काजू होतो. माडी काढायला परवाने मोजके आणि कटकट फार. काजूची बोंडं तर मार्च-एप्रिलमध्ये बागेत नुसती सडतात. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या एकाहून एक जाती काढल्या, पण त्या बियांसाठी. बोंडाचं काय करायचं ते विचारू नका. खाडीपलीकडे त्याच बोंडांचा रस काढतात, आंबवतात, भट्टीला लावतात. पहिल्या धारेचा हुर्राक, तोच पुन्हा गाळला की फेणी. त्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अलीकडे तेच केलं तर वर्षानुवर्षं गुन्हा दाखल होत आला. झाड तेच, माती तीच, माणसंही एकमेकांची सोयरी. अण्णांच्या सासुरवाडीला भट्टी आहे, पिढीजात, परवान्याची. जावयाला तिथून एक बाटलीसुद्धा दुकानात आणून विकता येत नाही.

तर, देशी. नवटाक मागायची पद्धत तेव्हाची. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग. शेर जाऊन लिटर आला तरी गुत्त्यात नवटाक टिकून राहिलं. गिऱ्हाईक कोण, तर खाडीवरचे मासेवाले, गाडीवाले आणि रेडीच्या लोहखनिजाच्या खाणीवरचे कामगार. खाणीवरचा पगार झाला की तिठ्यावर लाल मातीचे पाय दिसत, असं वडील सांगत. बायका त्या दिवशी तिठ्यावर उभ्या राहत, हेही सांगत, पण हळू आवाजात.

पाटी बदलली ती गिरणी संपानंतर. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत संप सुरू झाला आणि तो कधी संपला असं म्हणताच येत नाही. अण्णांचे धाकटे काका परळच्या एका गिरणीत होते. दोन वर्षं वाट पाहून गावी आले. येताना हिशोबाचे थोडे पैसे आणि मुंबईतले बार कसे असतात याची माहिती घेऊन आले. परवाना मिळवायला त्यांना किती खेपा पडल्या ते वेगळं पुराण आहे. पण अखेर अर्धी दारं लागली, लाल बल्ब आला, एक खोली पडदा लावून 'फॅमिली रूम' झाली. त्या खोलीत आजवर एकही फॅमिली बसलेली मी पाहिलेली नाही. तिथे शाळेचे मास्तर बसतात, म्हणजे मुलांना दिसायला नको म्हणून.

परमिट रूम या नावातच गंमत आहे. महाराष्ट्रात आजही जो कायदा लागू आहे त्याचं नाव दारूबंदी कायदाच आहे. बंदी उठलेली नाही. बंदीतून तुम्हाला सूट मिळते, आणि ती सूट म्हणजे परमिट. जुन्या परमिटावर लिहिलेलं असे की अमक्याला प्रकृती राखण्यासाठी मद्य बाळगायची आणि पिण्याची परवानगी आहे. एका दिवसाचं परमिट विदेशीला पाच रुपये, देशीला दोन. काकांच्या गल्ल्याशेजारी ती पुस्तकं नेहमी असत, आणि खात्याचा माणूस येणार अशी कुणकुण लागली की रात्री बसून फाडली जात. आमच्या गावात मेलेल्यांपैकी निम्मे लोक कागदोपत्री बरीच वर्षं प्रकृती राखत होते.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल मी फार प्रेमाने लिहितोय. म्हणून आईचं सांगतो. महाराष्ट्रात नियम असा आहे की गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान घ्यावं लागतं. चिठ्ठीवर दोन बाटल्यांची चित्रं, एक उभी, एक आडवी. पुरेशी मतं आडवीला पडली की दुकान बंद. आमच्या गावात काही बायकांनी सह्या गोळा करायला घेतल्या. त्या घरोघरी फिरल्या आणि आईने सही केली. वडील तेव्हा 'हॉटेलात' होते. घरी आल्यावर त्यांना कळलं. ते म्हणाले, "अगो, अण्णा आपलो शेजारी मा?" आई म्हणाली, "म्हणानच सही केलंय. लांबचो असतो तर माझा काय जाता?"

सह्या पुरेशा झाल्या नाहीत. आईचं म्हणणं असं की बायकांना भीती नवऱ्याची नव्हती. भीती ही होती की तिठ्यावरचं बंद झालं तर बाप्ये पलीकडे जातील, आणि तिथून रात्री खाडी ओलांडून येताना पडतील-बुडतील. नजरेसमोर पितोय तो बरा. मी यावर पुष्कळ विचार केलाय. आई चूक होती असं मला म्हणता येत नाही, आणि ज्यांनी सही केली नाही त्याही चूक नव्हत्या. वडिलांचं यकृत पुढे गेलं ते मात्र तिठ्यावरच गेलं.

२०१७ मध्ये जे कोणालाच जमलं नव्हतं ते सर्वोच्च न्यायालयाने केलं. १५ डिसेंबर २०१६ चा निकाल: राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही, १ एप्रिल २०१७ पासून. आदल्या दिवशी, ३१ मार्चला, वीस हजारांपर्यंत वस्तीच्या ठिकाणी ते अंतर २२० मीटर केलं. अण्णांचं दुकान रस्त्यापासून बारा पावलांवर. इतकी वर्षं 'मोक्याची जागा' म्हणून ज्याचा हेवा झाला तेच नडलं. ३१ मार्चच्या रात्री कुलूप लागलं. गंमत बघा, रस्ता तोच होता, पण मधल्या काळात कधीतरी त्याला राज्यमार्गाचा दर्जा मिळाला आणि गावाने तेव्हा पेढे वाटले होते.

ते वर्ष विचित्र गेलं. दारू कोणाची थांबली नाही. आता पलीकडे जायला पूल आहे, किरणपाणीला, मोटरसायकलने पाच-दहा मिनिटांचं काम. गोव्यात कर कमी, बाटली कितीतरी स्वस्त. माणसं जात, घेत, आणि मग प्रश्न पडे की बसायचं कुठे? कोणी तरीवर बसू लागले, कोणी शाळेमागे, कोणी स्मशानाच्या शेडमध्ये. सकाळी खाडीकाठी काचा. भांडणं वाढली, कारण अडवायला, "पुरे आता, घराक जा" म्हणायला कोणी नव्हतं. अण्णा हे रोज म्हणायचे आणि लोक ऐकायचे, कारण उधारीची वही त्यांच्याकडे होती. त्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की आमच्या गुत्त्याने गेली तीस-चाळीस वर्षं दारू विकलेलीच नाही म्हटलं तरी चालेल. स्वस्त दारू कायम पलीकडेच होती. अलीकडे होतं ते टेबल, तळलेली मांदेली, आणि किती झाली ते मोजणारा माणूस.

फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ग्रामपंचायत हद्दीतल्या वस्त्यांचा निर्णय राज्य सरकारांवर सोपवला. मग कागद फिरले आणि कुलूप निघालं. दोन वर्षांत करोना, पुन्हा कुलूप. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने पुढचे पत्रे उडवले. एक पत्रा खाडीत सापडला आणि तोच पुन्हा बसवलाय, चुरगळलेला दिसेल.

आता गोव्यात मोपाचा विमानतळ झाल्यापासून पाहुणे वाढलेत. अण्णांच्या मुलाला पडवी काढून काचा बसवायच्या आहेत आणि पाटीवर नवं नाव हवंय. त्यात 'टॅव्हर्न' असा शब्द आहे, म्हणजे पाचवं नाव येऊ घातलंय. अण्णा म्हणतात, परवान्यावर जे नाव आहे ते बदलायला पुन्हा किती खेपा पडतील ते आधी विचारून ये. आलात तर जून-जुलै सोडून या. त्या दोन महिन्यांत मासेमारी बंद असते आणि चखण्याला शेंगदाणे खावे लागतात.

कोपऱ्यातल्या, चुलीकडच्या टेबलावर एक सत्तरीचे गृहस्थ दिसतील. गावात पूर्वी माडी काढणाऱ्यांपैकी शेवटचे. अजून माडावर चढतात, पण नारळ पाडायला. रोज संध्याकाळी एक बियर घेतात, थंडगार. मी एकदा विचारलं, माडी सोडून बियर कशी आवडते तुम्हाला?

"मियाच चडाचा, मियाच काढूची आणि मियाच पिवची?" ते म्हणाले. "त्यापरास ह्या बरा. बसल्या जागेर गावता."